सीट पाहून पाय पसरावे

विवाहमंडळाच्या फॉर्मवर पाच फूट पाच इंचांचा मुलगा पाच फूट सात इंचांचा होतो आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. मुलीकडचे मनातल्या मनात दोन इंच वजा करून घेतात, मुलाकडचेही मुलीच्या फोटोतून काय काय वजा करतात, आणि व्यवहार पार पडतो. मोटरसायकलच्या शोरूममध्ये ही सोय नाही. तिथे उंची सांगायची नसते, करून दाखवायची असते. त्यातून गाडी कच्च्या वाटांवर, दगडधोंड्यांत चालवायची, म्हणजे ऑफ-रोड जातीची असेल, तर हा कार्यक्रम जाहीरच होतो. गिऱ्हाईक गाडीवर चढतं, सेल्समन "आरामात, सर" म्हणत मागून कॅरियर धरून ठेवतो, आणि सोबत आलेला मित्र उकिडवा बसून टाचा बघतो. टाच आणि फरशी यांच्यामध्ये बोटं सरकवून तो निकाल देतो : "चार बोटं. नको रे, तुला नाही जमायची ही." दोन-तीन लाखांची खरेदी या चार बोटांवर ठरते. गिऱ्हाईक मान खाली घालून शेजारच्या बुटक्या गाडीकडे वळतं, सेल्समन कॅरियर सोडून हात पुसतो, आणि मित्राला आपण कोणाचे तरी पैसे वाचवले असं वाटून चहा प्यावासा वाटतो.

माझं म्हणणं असं की ही परीक्षाच मुळात भलत्या विषयाची आहे. गाडी जे करायला घ्यायची त्यातलं काहीही ती तिथे करत नसते. ती सपाट, गुळगुळीत टाइल्सवर उभी असते, आणि उभ्या गाडीवर दोन्ही टाचा टेकवून बसणं हे तर बसस्टॉपवरच्या बाकावरही जमतं. कमी उंचीच्या माणसाने ऑफ-रोड गाडी निवडताना सीटच्या उंचीचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी वजन बघावं, मग सीट पुढच्या बाजूला किती अरुंद आहे ते बघावं, मग स्प्रिंग कोणाच्या वजनासाठी लावली आहे ते विचारावं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. उंचीचा आकडा माहितीपत्रकात ठळक असतो, वजनाचा बारीक असतो, आणि रुंदीचा नसतोच.

आधी हेही मान्य करू की सीट उंच ठेवण्यात कंपन्यांचा बुटक्यांवर डूख नाही. इंजिनाच्या पोटाखाली दगड जायला जागा हवी, खड्ड्यात चाकाला वरखाली व्हायला वाव हवा, पुढचं चाक २१ इंचांचं हवं, आणि या सगळ्याच्या वर माणसाला बसवायचं. हीरो एक्सपल्स २०० फोर-व्ही घ्या : पोटाखाली २२० मिलिमीटर जागा, सीट ८२५ मिलिमीटरवर. तिचीच 'प्रो' नावाची बहीण घ्या : पुढचं सस्पेन्शन २५० मिलिमीटर हलतं, मागचं २२०, पोटाखाली २७० मिलिमीटर, आणि सीट चढते ८९१ वर. होंडा ॲक्टिव्हाची सीट ७६५च्या आसपास असते, स्प्लेंडरची ७८५. म्हणजे ॲक्टिव्हावरून प्रोवर जाणारा माणूस जवळजवळ पाच इंचांनी वर जातो. अशा वेळी त्याला आपले पाय रातोरात आखूड झाल्यासारखे वाटतात. ते तेवढेच असतात. जमीन लांब गेलेली असते.

आता थोडं गणित. आपल्याकडच्या सरासरी पुरुषाची उंची पाच फूट पाच इंचांच्या, म्हणजे १६५ सेंटिमीटरच्या आसपास भरते. पण गाडीला माणसाच्या एकूण उंचीशी काही देणंघेणं नाही. मान, कपाळ, टाळू, त्यावरचे उभे केस हा सगळा माल सीटच्या वरचा. गाडीला मतलब पायांच्या आतल्या लांबीशी. ती मोजायची रीत अशी : अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाडसर पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून सीटसारखं घट्ट वर ओढायचं, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करायला सांगायचं. ते दुसरं माणूस हसणार हे गृहीत धरायचं. खूण एकूण उंचीच्या साधारण ४५ ते ४७ टक्क्यांवर येते, पण सारख्या उंचीच्या दोघांमध्येही चांगला इंच-दीड इंचाचा फरक पडतो. एखाद्याची उंची पायात असते, एखाद्याची पाठीत. म्हणून "पाच-पाचवाल्याला ही गाडी जमते का हो?" या प्रश्नाला उत्तर नाही. हा प्रश्न रोज शेकडो माणसं एकमेकांना विचारतात आणि शेकडो माणसं त्याला ठासून उत्तर देतात, ती गोष्ट वेगळी.

समजा पुस्तकाची खूण ७६ सेंटिमीटरवर आली. सीट ८२.५ वर. फरक साडेसहा सेंटिमीटर. हीच ती चार बोटं. पण गिऱ्हाईक शोरूममध्ये बहुधा चपला घालून आलेलं असतं. ऑफ-रोड चालवायचे बूट घातले की तळव्याचे अडीच-तीन सेंटिमीटर मिळाले. शिवाय माणूस बसला की गाडी खाली दबते, आणि या गाड्यांची स्प्रिंग लांब हलणारी असल्यामुळे साध्या गाडीपेक्षा जास्त दबते. माणूस नीट वजनदार असेल तर आणखी चारेक सेंटिमीटर तिथे सुटले. हिशेब जवळजवळ मिटला. (बूट मात्र ताठ घोट्याचे असतात. चपलेत नर्तकीसारखे चवडे ताणून दाखवलेली करामत त्यांच्यात जमत नाही. तेव्हा परीक्षा द्यायचीच तर बूट घालून द्यावी.) मग अडतं कुठे? अडतं रुंदीत. पाय सीटवरून सरळ खाली जात नाहीत. ते आधी बाजूला जातात आणि मग खाली. सीट जितकी रुंद तितकी पायांची लांबी आडवी खर्च होते. सोफ्यासारख्या ऐसपैस सीटवर ८०० मिलिमीटरलाही टाच अधांतरी राहते, आणि टाकीजवळ बोटभर अरुंद होत गेलेल्या सीटवर ८३० लाही चवडा टेकतो. हे आकड्यात कुठेच दिसत नाही. बसल्यावर दोन वीत पुढे, टाकीला चिकटून सरकून बघितलं तरच कळतं. सेल्समन तसं सरकायला सांगत नाही, कारण त्याने हाताने कॅरियर धरलेला असतो आणि त्याचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे असतं.

मघाशी 'नीट वजनदार असेल तर' म्हटलं, त्यात एक अन्याय लपलेला आहे. स्प्रिंग कारखान्यातून येते ती मध्यम बांध्याच्या, किंबहुना खात्यापित्या घरच्या माणसाच्या हिशेबाने. पंचावन्न किलोंचा माणूस बसला तर गाडी कमी दबते. म्हणजे जो आधीच बुटका आणि वर सडपातळ, त्याला गाडी आणखी उंच. ऐंशी किलोंच्या उंच माणसासाठी मात्र ती अदबीने खाली वाकते. यावर उपाय आहे, तो फुकट आहे, आणि म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण कमीजास्त करता येतो. बऱ्याच गाड्यांत त्यासाठीचा चंद्रकोरीसारखा पाना हत्यारांच्या पिशवीत मिळतो. ताण एक-दोन घरं कमी केला की हलका माणूसही गाडीला थोडं नमवतो. त्यापायी खड्ड्यात गाडी थोडी जास्त बसेल, पण पंचावन्न किलोंखाली ती बसून बसून किती बसणार? हजारो रुपये खर्चून गाडी खाली आणायला निघालेल्यांपैकी किती जणांनी ही पिशवी उघडून बघितली असेल, याची मला शंका आहे.

आता मुख्य मुद्दा, वजनाचा. रॉयल एनफील्डची पहिली हिमालयन २०१६ साली आली तेव्हा तिच्या सीटची उंची ८०० मिलिमीटर होती, आणि कमी उंचीच्या मंडळींना हायसं वाटलं. बीएस-सिक्सच्या अवतारात ती भरायची १९९ किलो. वर सांगितलेली एक्सपल्स २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच उंच, पण वजनाने १६० किलोंच्या आसपास. बुटका माणूस शोरूममध्ये हा एक इंच वाचवतो आणि घरी चाळीस किलो घेऊन येतो. हिमालयन वाईट गाडी आहे असं मुळीच नाही. लडाखपर्यंतच्या लांब पल्ल्याला ती अनेकांना साथ देऊन गेली आहे, आणि २०२३ साली आलेली ४५० सीसीची हिमालयन त्याच वाटेवर आणखी पुढे गेली, तिची सीटही आता ८२५ किंवा ८४५ वर लावता येते. मुद्दा एवढाच की चिखलात, चढावर, उलट्या उतारावर, गाडी एका बाजूला झुकायला लागली की तो वाचवलेला इंच काहीच करत नाही, आणि ते चाळीस किलो सगळं करतात. चाळीस किलो म्हणजे जवळजवळ सिमेंटचं पोतं, आणि ते कडेला लटकलेलं. गाडी चारदोन अंश झुकली असेल तोवर करंगळीनेही सावरता येते. त्याच्यापुढे गेली की ती सावरायला पैलवान लागतो, आणि पैलवानही एकदाच सावरतो.

इथेच उंच माणसांबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. सहा फुटी माणसाचे दोन्ही पाय सपाट टेकतात म्हणून त्याला गाडी आवरते असं आपण धरून चालतो. तोही तसं धरून चालतो, आणि त्यातच फसतो. आखूड पायाच्या माणसाला गाडी गेली हे लवकर कळतं. तो हँडल सोडून बाजूला होतो, गाडी पडते, आरसा फुटतो, लिव्हर वाकते, विषय संपतो. लांब पायाच्या माणसाला मात्र आपण ही धरू शकतो असा भ्रम असतो. तो पाय रोवतो, गाडीचं वजन त्या पायावर येतं, आणि गुडघ्याला किंवा घोट्याला जे व्हायचं ते होतं. पडू द्यावी तिथे पडू देणं हा ऑफ-रोडचा पहिला धडा. तो उंचांना अवघड जातो, बुटक्यांना आपोआप येतो. उंच माणसाचं आणखी एक दुखणं असतं, तेही मी सहानुभूतीने नोंदवतो : उभं राहून चालवताना हँडल त्याच्या मांडीपाशी येतं आणि बिचाऱ्याला तासन् तास वाकून जावं लागतं. मग तो हँडल उंच करायचे ठोकळे विकत घेतो. बुटक्याचे ते पैसे वाचतात.

'उभं राहून' हा शब्द आला तर तिथेच थांबू, कारण सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे. ऑफ-रोड चालवताना माणूस सीटवर बसत नाही. दगडगोटे, नाल्याचा काठ, खडी टाकलेला पण न दाबलेला रस्ता आला की फुटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे आणि गाडीला पायांमध्ये हवी तशी हलू द्यायची. सीट तेव्हा नुसती प्रवासाला सोबत असते. जिथे या गाडीचं खरं काम चालतं तिथे सीटची उंची आठशे असो की नऊशे, चालवणाऱ्याला पत्ता नसतो. याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा बेल्जियमचा गॅस्टन राहिए. १९७५ ते ७७ अशी सलग तीन वर्षं १२५ सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता. नंतर बीएमडब्ल्यूच्या दोन सिलिंडरवाल्या गाडीवर १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ दोनदा पॅरिस-डाकार रॅली जिंकली. सहाराच्या वाळूतून हजारो किलोमीटर, पोटात भलीमोठी टाकी, आणि पेट्रोल भरल्यावर वजन दोनशे किलोंच्या कितीतरी वर. राहिएची उंची १.६४ मीटर, म्हणजे आपला सरासरी माणूस, तोही सेंटिमीटरभर कमीच. त्याचे पाय त्या गाडीवरून जमिनीला पुरत नसत. तो एका पायाने फुटरेस्टवर चढायचा, गाडी चालू लागली की दुसरी टांग वरून टाकायचा. रिकिबीत पाय घालून घोड्यावर चढायची हीच तऱ्हा. १९८४ साली त्याने मागे टाकलेला हुबेर ओरिओल त्याच्याच संघातला, आधी दोनदा ही रॅली जिंकलेला आणि अंगापिंडाने राहिएपेक्षा चांगला उंच. डाकारच्या किनाऱ्यावर टाचांखाली बोटं घालून बघणारा मित्र उभा केला असता तर निकाल वेगळा लागला असता.

यावर हरकत येणार आणि ती रास्त आहे : "अहो, तो जगज्जेता! आम्ही पानशेतच्या पुढे रविवारी जाऊन मिसळ खाऊन परत येणार." कबूल. राहिएच्या पुराव्यातून एवढंच निघतं की पाय पुरणं ही ऑफ-रोडची अट नाही. अतिजड गाडी बुटक्यानेही घ्यावी असं त्यातून निघत नाही. त्याची गाडी पडली की उचलायला त्यालाही घाम फुटत असणार, फक्त ती त्याच्या हातून आपल्यापेक्षा पुष्कळ कमी वेळा पडत होती. आपण सामान्य माणसं, आपली पडणार, म्हणूनच वजन आधी बघायचं. पडलेली गाडी उचलायची रीतही ठरलेली आहे. उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साईड स्टँड बाहेर काढायचा आणि गिअर टाकून ठेवायचा, हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावून खाली बसायचं आणि मांड्यांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उठायचं. १६० किलोंची गाडी या रीतीने एकट्याने उचलता येते. दुसऱ्यांदाही येते. २०० किलोंची दुसऱ्यांदा उचलताना माणूस आजूबाजूला कोणी गुराखी दिसतो का ते बघू लागतो.

आणि सामान्य माणसाचाच पुरावा हवा असेल तर तो गावोगाव हिंडतोय. या राज्यात खऱ्या अर्थाने रोज ऑफ-रोड कोण चालवतं? शेताच्या बांधावरून टीव्हीएस एक्सएलवर युरियाचं पोतं घेऊन जाणारा शेतकरी, आणि पहाटे चिखलवाटेने दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून निघालेला गवळी. यातल्या कोणाच्याही अंगावर गुडघ्याची पॅडं नाहीत, डोक्यावर कॅमेरा नाही. एक्सएलचं वजन नव्वद किलोंच्या आत. तिला ना चाकांच्या आकाराचा अभिमान ना स्प्रिंगच्या लांबीचा, पण पावसाळ्यात जिथे लाखांची गाडी रुतून बसते तिथून ती ढकलत, उचलत, प्रसंगी शिव्या देत बाहेर निघते. वजनाचा महिमा याहून वेगळा सांगायला नको. मराठ्यांच्या फौजा भीमथडीच्या लहानखुऱ्या तट्टांवरून सह्याद्री पालथा घालत होत्या, तेव्हा त्यांनाही कोणी "जरा उंच घोडा बघा की" असा सल्ला दिला असेलच. सल्ला देणारा अर्थातच उंटावरून देत असणार.

दुसरी हरकत जास्त टोकदार आहे. गाडी ऑफ-रोड असली तरी तिचं बहुतेक आयुष्य रोडवरच जातं. सिग्नल, फ्लायओव्हरचा चढ, पुढे रिक्षा, मागे पीएमपीची बस. इथे पाय लागतात. लागतात, पण दोन नाही, एक लागतो. डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, आणि बूड थोडं डावीकडे सरकवलेलं, एवढ्यात बहुतेक पाच-पाचवाल्यांचा डावा तळवा सव्वाआठशेच्या सीटवरूनही पुरेसा टेकतो. अडचण निराळीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपले रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, म्हणजे डावीकडची जमीन मुळातच खाली. त्यातून कडेला साईडपट्टी डांबराच्या थरावर थर चढून चांगली वीतभर खाली गेलेली. भला माणूस सवयीने रस्त्याच्या अगदी कडेला थांबतो, डावा पाय टाकतो, आणि पायाखाली जमीन नसते. सावकाश, सन्मानाने, प्रेक्षकांसमोर आडवं होण्याचे जे प्रसंग येतात ते बहुतेक या साईडपट्टीने घडवलेले असतात, सीटने नाही. कमी उंचीच्या माणसाने कडेला थांबू नये. लेनच्या मधोमध थांबावं, मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू द्यावा. आणि कडेलाच थांबायची वेळ आली तर समोरचा ब्रेक दाबून उजवा पाय टाकावा. थांबायची जागा आधीच हेरून ठेवणं ही एवढी एक सवय लागली की उरलेल्या दोन इंचांची भरपाई होते.

यावर बाजाराचं उत्तर तयार असतं : लोअरिंग लिंक. मागच्या सस्पेन्शनमधला एक छोटा लोखंडी तुकडा बदलायचा, गाडी इंच-दीड इंच खाली येते. स्वस्त, झटपट, आणि मेकॅनिक म्हणतो "काही फरक पडत नाही." फरक असा पडतो की मागचं खाली आलं आणि पुढचं तसंच राहिलं की गाडी बसलेल्या कुत्र्यासारखी मागे कलते आणि वळायला आळस करते. मग पुढचे फोर्क पकडीतून वर सरकवावे लागतात. ते केलं की पोटाखालची जागा २२० वरून दोनशेच्या खाली येते आणि ज्या दगडावरून गाडी जायला हवी होती तो दगड आता इंजिनाच्या पत्र्याला वाजतो. साईड स्टँड होता तेवढाच राहिला, म्हणजे गाडी आता त्याच्यावर जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झुळकीने पलीकडे जाते. मग स्टँड कापून वेल्डिंग करायचा. इतका खटाटोप करून हाती येते डोंगरात जाऊ न शकणारी डोंगरातली गाडी. कंपनीची स्वतःची बसकी सीट मिळत असेल तर ती बिनधास्त घ्यावी. सीटवाल्याकडून पुढच्या बाजूचा आणि कडांचा फोम तासून घ्यायलाही माझी हरकत नाही, त्यात जमिनीपासूनची जागा तशीच राहते आणि रुंदीही कमी होते. त्याची किंमत तीनशेव्या किलोमीटरला बूड वसूल करतं, पण तो व्यवहार निदान ज्याचा त्याच्याशी असतो.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात चांगला पुरावा जपानचा आहे, तो लपवणं बरं नाही. यामाहाने १९८५ साली सेरो नावाची २२५ सीसीची गाडी काढली. नाव डोंगरकपारीत चढणाऱ्या तिथल्या एका शेळीवजा प्राण्याचं. तिची सीट मुद्दाम ८१० मिलिमीटरवर ठेवलेली, कारण कल्पनाच अशी की जिथे चाकं थकतील तिथे दोन्ही पाय जमिनीवर मारत, गाडीला ढकलत वर जायचं. म्हणजे सीटची उंची महत्त्वाचीच की! हो, पण सेरोचं कोरडं वजन शंभर किलोंच्या जरासं वर होतं. पाय मारत ढकलायला ती बुटकी होती तशीच हलकीही होती. दोनशे किलोंच्या गाडीची सीट कितीही खाली आणा, चिखलाच्या चढावर पाय मारून ती वर जात नाही, फक्त पाय चिखलाने भरतात. सेरो पुढे २५० सीसीची झाली, थोडी भारदस्त झाली, आणि २०२० पर्यंत जपानमध्ये विकली गेली. आपल्याकडे तसली गाडी कधी आलीच नाही. हीरोने २०११ साली इम्पल्स नावाची दीडशे सीसीची ऑफ-रोड गाडी आणली होती, आणि लोकांना तिचं महत्त्व कळेपर्यंत ती बंद झाली. आता जुनी इम्पल्स शोधत फिरणारे लोक आहेत. आपलं हे नेहमीचंच.

या युक्तिवादाला सीमा आहे आणि ती बायकांच्या बाबतीत सगळ्यात आधी येते. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. पुस्तकाची खूण सत्तरच्या जवळपास येणार. तिला ८९१ची सीट सुचवणं हा विनोदही बरा नाही. तिथे कसोटी अशी लावावी : टाकीजवळ सरकून, एका अंगाला बूड उतरवून, एका पायाचा चवडा भक्कम टेकतो का? टेकत असेल तर गाडी जमते, टेकत नसेल तर नाही, मग वजन काहीही असो. बाजारातल्या गाड्या या कसोटीला थोड्याच उतरतात, यात बाईचा दोष नाही, आणि "तुम्ही स्कूटर का नाही घेत, मॅडम?" हे त्यावरचं उत्तर नाही. दुसरी सीमा डबलसीटची. मागे माणूस रोज बसणार असेल तर सगळे हिशेब बदलतात, कारण तो माणूस चढताना नेमका उलट्या बाजूला तोल देतो आणि "बसू का?" हे बसल्यावर विचारतो. अशा संसारी माणसाने खालची सीट घ्यावी, मी अडवणार नाही. तिसरी गोष्ट गाडी मागे घेण्याची. उतारावर तोंड करून लावलेली गाडी बसल्या बसल्या मागे ओढणं आखूड पायांना खरोखरच जमत नाही. उतरून, हँडल धरून, कमरेला टेकवून मागे न्यावी. त्यात कमीपणा काही नाही, पण पार्किंगमध्ये कोणीतरी "मी घेऊन देऊ का?" असं विचारतंच, आणि विचारणारा नेहमी सहा फुटी असतो.

आणि नवी गाडी घ्यायच्या आधी जुन्यांच्या जाहिराती जरूर बघाव्यात. 'एकहाती, जेमतेम वापरलेली, उंचीमुळे विकणे आहे' अशा मजकुराच्या ऑफ-रोड गाड्या बऱ्याच दिसतात. शोरूममध्ये चार बोटांची परीक्षा पास झालेली ही माणसं, जड गाडी घेऊन घरी गेलेली, आणि सीटला दोष देऊन मोकळी झालेली. गाड्या चांगल्या असतात, चिखल पाहिलेला नसतो. बघायला जाताना बूट घालून जावं, कॅरियर धरणाऱ्याला बाजूला व्हायला सांगावं, लोअरिंग लिंक बसवली असेल तर मूळची मागून घ्यावी, आणि साईड स्टँड कापलेला असेल तर नव्या स्टँडचे पैसे ठरलेल्या किमतीतून वजा करून घ्यावेत.